आईने पाहिलेली लाल पाने



२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात मी माझ्या सत्तरीच्या आईला घेऊन जपानला जाऊन आलो. तेव्हापासून विहारात, कचेरीत, लग्नकार्यात, जो भेटतो तो एकच प्रश्न विचारतो, "कशासाठी गेला होता? धम्म परिषद होती काय?" मी खरे तेच सांगतो, "नाही हो, झाडांची पाने पाहायला गेलो होतो." ऐकणारा आधी हसतो, मग माझ्याकडे जरा संशयाने पाहतो. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने तर तोंडावरच सांगितले, "चळवळीच्या माणसाला हे शोभत नाही. तेवढ्या पैशांत दोन पोरांची फी भरली असती."

त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. म्हणूनच आजचा हा लेख.

पैशांचे आधी सांगतो. माझ्यासारख्या कारकुनाला पगारातून हा प्रवास झेपणारा नव्हता. माझा भाचा ओसाका शहरात नोकरीला आहे. त्याने हट्टाने आजीचे तिकीट काढले आणि आजी एकटी कशी येणार म्हणून मामाचेही काढले. त्याआधी वर्षभरापूर्वी माझे वडील वारले होते. तेव्हापासून आई घर आणि विहार यापलीकडे कुठे जात नव्हती. बोलणेही कमी झाले होते. भाच्याने फोनवर सांगितले, "आजी, इथं या दिवसांत झाडं लाल होतात. पाहायला चल." आई म्हणाली, "पानं पाहाले एवढ्या दूर कायले येऊ रे? जिंदगीभर पानंच तर पाह्यले."

हे तिचे बोलणे अक्षरशः खरे होते. आई मूळची गोंदियाकडची. लहानपणी एप्रिल-मे महिन्यांत ती पहाटे जंगलात जाऊन तेंदूपत्ता तोडायची. घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. लग्न होऊन कामठीला आली तर तिथे विड्या वळणे नशिबी आले. सूप मांडीवर, कात्री हातात आणि समोर भिजवलेली तीच पाने. आपल्या सर्वांच्या तोंडी असलेले 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) हे विडी कामगारांचे संघटक होते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. पण ज्या बोटांनी त्या विड्या वळल्या, त्या बोटांना पान म्हणजे पोटाचा प्रश्न होता. पान सुंदर दिसते की नाही, हे पाहायला त्या बोटांच्या मालकिणीला कधी फुरसत मिळाली?

मी तिला म्हटले, "आई, आजवर पानं मोजली. एकदा नुसती पाहू." ती तयार झाली.

जपान आमच्या कामठीकरांना अगदीच परका नाही. जपानच्या ओगावा सोसायटीच्या साहाय्याने १९९९ साली उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस आईने कितीदा पाहिले आहे. जपानमधून येऊन नागपूरचेच होऊन गेलेले भदंत सुरेई ससाई तर तिला घरच्यासारखे वाटतात. त्यामुळे विमानतळावर उतरताच ती म्हणाली, "भंतेजींचा मुलूख आला."

आम्ही पाहिले ते ठिकाण म्हणजे मिनो. ओसाका शहराच्या उत्तरेला मिनो नावाचे छोटे शहर आहे आणि त्याला लागूनच डोंगर. उमेदा स्थानकातून हानक्यू रेल्वेने निघायचे, इशिबाशीला गाडी बदलायची, की साधारण अर्ध्या तासात मिनो. हा फाटा १९१० साली सुरू झाला आणि तेव्हापासून ओसाकाची गिरणी-कारखान्यांतली माणसे सुट्टीच्या दिवशी इथला धबधबा पाहायला येत आली आहेत. १८६८ मध्ये सुरू झालेल्या मेइजी राजवटीला शंभर वर्षे होत असताना, १९६७ साली, सरकारने या ९६३ हेक्टर वनाला संरक्षित उद्यानाचा दर्जा दिला. स्थानकापासून धबधब्यापर्यंत नदीच्या काठाकाठाने सुमारे पावणेतीन किलोमीटरची वाट आहे. वाट फरसबंद, चढ हलका, जागोजागी बाक. आत जायला तिकीट नाही. आईचे गुडघे दुखतात. आम्ही बसत-उठत दोन तासांत पोचलो. चालणाऱ्या माणसाला पाऊण तास पुरे.

या दिवसांत मेपल जातीची झाडे पाहायला जाण्याला जपानी लोक 'मोमिजी-गारी' म्हणतात. 'मोमिजी' म्हणजे लाल पाने आणि 'गारी' म्हणजे शिकार. पानांची शिकार! पण कोणी फांदी मोडत नाही, पान ओरबाडत नाही. नुसते डोळ्यांनी पाहायचे. आम्ही गेलो तो नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. तरी काही झाडे अर्धी हिरवीच होती. हवामान तापत चालल्याने जपानात पाने लाल होण्याचा दिवस दर दहा वर्षांना सुमारे तीन दिवस पुढे सरकतो आहे, असे तिथल्या हवामान खात्याच्या नोंदी सांगतात. पण जी झाडे लाल झाली होती, त्यांच्याबद्दल काय लिहावे! नदीवर वाकलेली फांदी, तिच्यावर तळहाताएवढीही नसलेली पाने आणि मागून ऊन आले की प्रत्येक पान आतून पेटल्यासारखे दिसे.

वाटेच्या सुरुवातीलाच दुकाने आहेत. एका दुकानापुढे स्वच्छ कपड्यांतले एक वृद्ध गृहस्थ लांब झाडूने गळलेली पाने झाडत होते. आईने विचारले, "हे इथले सफाई कामगार काय?" भाचा म्हणाला, "नाही आजी, दुकानाचे मालक आहेत. आपल्या दारापुढचं आपणच झाडतात." आई थांबून पाहत राहिली. झाडू ज्याच्या हाती त्याची जात ओळखावी, अशा देशातून ती आली होती.

पुढच्या दुकानात चक्क पानांची भजी तळत होते. ही मिनोची खास वस्तू. जमिनीवर पडलेली पाने त्यासाठी घेत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी पिवळी पडणारी मेपलची झाडे लावतात, पाने वर्षभर मिठात मुरवतात, मग तीळ घातलेल्या गोडसर पिठात बुडवून सावकाश तळतात. डोंगरात तप करणाऱ्या साधकांपासून ही रीत सुरू झाली, असे दुकानदार सांगतात. भाच्याने पाकीट घेऊन आजीच्या हाती दिले. आईने पाकीट वरखाली करून विचारले, "किती पानांचा पुडा?" आम्ही दोघेही हसलो, पण मला हसता हसता गलबलून आले. पन्नास-साठ वर्षे झाली, बोटांचा हिशेब अजून सुटला नाही. भजी कुरकुरीत होती. पानाची म्हणून चव विशेष नाही. आईचा निकाल, "आपल्या शंकरपाळ्यासारखं लागते."

अर्ध्या वाटेवर लाल कठड्याच्या पुलापलीकडे र्यूआन-जी हे जुने मंदिर लागते. सातव्या शतकातल्या एन नो ग्योजा नावाच्या तपस्व्याशी त्याचा संबंध जोडतात. मंदिर बौद्ध, पण आत मुख्य स्थान बेंझाइतेन देवीचे. ही बेंझाइतेन म्हणजे बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातून चीनमार्गे तिकडे गेलेली सरस्वती! मी हे सांगताच आई पुलावरच थांबली. म्हणाली, "बावीस प्रतिज्ञा इथंही लागू आहेत ना?" तिने तिथेच उभे राहून मनातल्या मनात त्रिशरण-पंचशील म्हटले. नवस नाही, नारळ नाही.

पुलाजवळच्या बाकावर बसल्यावर ती समाधानाने म्हणाली, "बाकी काही म्हणा, बुद्धाचा देश आहे. मालक झाडू मारते. इथं जात नसल."

आता इथे मला खरे बोलावे की गप्प बसावे, असा प्रश्न पडला. वर्षाने बाहेर पडलेली आई, आनंदात बसलेली. पण तिला बाबासाहेबांनी दिलेला धम्म हा डोळे उघडे ठेवायचा धम्म आहे. मी तिला सांगितले ते इथे थोडक्यात लिहितो, कारण आपल्यापैकी पुष्कळांना ते ठाऊक नाही.

जपानातही अस्पृश्यता होती. मेलेली जनावरे ओढणारे, कातडे कमावणारे, त्यांच्या वस्त्या गावाबाहेर. १८७१ साली सरकारी हुकमाने त्यांचे हीन दर्जे रद्द झाले, पण मनातले गेले नाहीत. त्यांना आज बुराकू समाज म्हणून ओळखतात आणि ओसाका परिसरात त्यांची मोठी वस्ती आहे. लग्न ठरवताना, नोकरी देताना माणूस कोणत्या वस्तीतला याची गुपचूप चौकशी होई. अशा वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या, हे १९७५ मध्ये उघडकीस आले. माझा सारा दिवस याद्या आणि पत्ते यांत जातो. कागदावरचा एक साधा पत्ता माणसाचा घात करू शकतो, हे वाचून मी हादरलो होतो.

आणि सर्वांत दुःखाची गोष्ट. जपानी रिवाजाप्रमाणे मृत माणसाला मंदिराकडून नवे धार्मिक नाव मिळते. बुराकू मृतांना कित्येक मंदिरांनी मुद्दाम हीनतादर्शक अक्षरांची नावे दिली आणि ती थडग्यांवर कोरली. आपल्या जुन्या ग्रंथांतला 'चांडाल' हा शब्द चिनी अक्षरांतून तिकडे पोचला आणि याच माणसांना चिकटवला गेला. १९७९ साली अमेरिकेतल्या जागतिक धर्म परिषदेत एका मोठ्या जपानी बौद्ध संप्रदायाच्या प्रतिनिधीने आमच्याकडे असा भेदभावच नाही, असे सांगितले. त्यावर बुराकू चळवळीने जाब विचारला. शेवटी ते विधान मागे घ्यावे लागले आणि संप्रदायाला आपली कागदपत्रे व थडग्यांवरची नावे तपासायला बसावे लागले.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "मग तिथं कोणी उठलं का नाही? आपल्या बाबासाहेबांसारखं?"

मी म्हटले, "उठले ना." ३ मार्च १९२२ रोजी क्योटो शहरात याच माणसांनी 'सुइहेइशा' ही संघटना काढली. नावाचा अर्थच समतलांची संघटना, म्हणजे पाण्याच्या पृष्ठासारखी सपाट, ज्यात कोणी वर नाही, कोणी खाली नाही. आपला महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. इकडे पाण्याच्या हक्काचा लढा, तिकडे पाण्यासारख्या समतेचा. दोन देश, दोन भाषा, पण दुखणे एक आणि औषधही एक. तिथला लढा संपलेला नाही. भेदभाव आजही आहे हे कबूल करणारा कायदा जपानी संसदेला २०१६ मध्ये करावा लागला.

आई उठली. म्हणाली, "चल, धबधबा पाहू. नुसतं बुद्धाचं नाव घेऊन जात जात नाही, हे आपल्याकडच्यांनाही सांग." म्हणून हे सांगतो आहे. विहारात पंचशील घेऊन बाहेर येताच पोटजात विचारून सोयरीक ठरवणारे आपल्यातही आहेत. त्यांनी स्वतःला तपासावे.

शेवटच्या वळणावर आधी आवाज आला आणि मग धबधबा दिसला. उंची ३३ मीटर. आपल्या सह्याद्रीतल्या पावसाळी धबधब्यांपुढे हा आकडा लहान वाटेल. पण काळ्या कातळावरून सरळ उतरणारी पांढरी धार आणि दोन्ही बाजूंनी लाल-केशरी फांद्या, असे दृश्य मी पाहिले नव्हते. समोर बाक मांडलेले आहेत. आजी-आजोबा, लेकुरवाळ्या बाया, डबा उघडून बसलेली माणसे. गर्दी होती, पण ढकलाढकली नव्हती. आई बसली. वाऱ्याच्या झुळकीबरोबर पाने गिरक्या घेत पाण्यात पडत होती.

एक पान तिच्या पदरावर पडले. तिने ते उचलून सवयीने बोटांनी सरळ केले आणि त्याची टोके मोजली. सात. भाचा म्हणाला, "आजी, इथले लोक पण अशीच मोजतात." या झाडाचे नाव 'इरोहा मोमिजी'. 'इ-रो-हा' म्हणजे जपानी मुळाक्षरांच्या जुन्या क्रमातली पहिली अक्षरे. पानाची सात टोके त्या अक्षरांनी मोजत, म्हणून हे नाव पडले. आणि गंमत अशी, की हा अक्षरक्रम म्हणजे एक जुनी कविता आहे. प्रत्येक अक्षर एकदाच वापरून रचलेली, सारे काही अनित्य आहे असे सांगणारी. आपल्याकडे अंत्यविधीच्या वेळी भंतेजी अनित्यतेची जी गाथा म्हणतात, तिचाच आशय या कवितेत आला आहे असे परंपरेने मानतात. म्हणजे जपानी मुले शतकानुशतके 'अ आ इ ई' शिकताना अनित्यता शिकत होती!

ती गाथा आईने शेवटची ऐकली होती ती वडिलांच्या चितेसमोर. ती हातातल्या पानाकडे पाहत राहिली. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आपल्या जंगलात कुसुमाचं झाड असंच लाल होते. मोहफुलं वेचाले जायचो तेव्हा दिसे. पण ती पानं येतानाची लाल. ही जातानाची लाल." पुन्हा थांबून म्हणाली, "येतानाही लाल, जातानाही लाल. मग रडाचं कायले?"

वाचकहो, मी बी.कॉम. झालेला माणूस, वनस्पतिशास्त्र माझा विषय नाही. पण परत आल्यावर पुस्तके काढून वाचले. आई म्हणाली ते खरेच आहे. कुसुमाची कोवळी पालवी आणि मेपलचे म्हातारे पान, दोघांनाही लाल करणारे रंगद्रव्य एकाच कुळातले आहे. थंडी पडू लागली की झाड पानातले हरितद्रव्य मोडते, त्यातला कामाचा अंश परत खोडात ओढून घेते. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असेल तर पानात उरलेल्या साखरेपासून लाल रंग तयार होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पान आपोआप गळत नाही. देठाच्या मुळाशी झाड स्वतः पेशींचा एक थर तयार करते, त्या थराने पान सुटे होते आणि मागची जखम बंद होते. पान पडण्याआधीच त्याच्या बेचक्यात पुढच्या वसंताची कळी धरलेली असते.

हे वाचले तेव्हा मला बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातला अनित्यतेचा विचार नव्याने कळला. बाबासाहेब अनित्यतेकडे रडगाणे म्हणून पाहत नाहीत. वस्तू नित्य आणि न बदलणाऱ्या असत्या, तर जीवनाची सारी वाढच खुंटली असती, असा त्यांचा मुद्दा आहे. ज्यांनी आपल्याला हजारो वर्षे खाली दाबले, ते आपल्या व्यवस्थेला काय म्हणत? सनातन! म्हणजे कधी न बदलणारी. त्यांच्या सनातनाला बुद्धाचे उत्तर एका शब्दाचे आहे, अनित्य. जे जे घडवलेले आहे ते मोडते. जात घडवलेली आहे, म्हणून जात मोडू शकते. मात्र ती झाडाच्या पानासारखीच आपोआप गळणार नाही. झाडाला आतून थर तयार करावा लागतो. १८७१ च्या हुकमाने जपानात ती गळली नाही, आपल्या घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली तरी मनांतून ती गळली नाही. तो थर आपण तयार करायचा आहे, घराघरांत, सोयरिकीत, शाळेत.

निघताना भाचा म्हणाला, "आजी, ते पान वहीत ठेव, घरी ने." आईने मान हलवली. "राहू दे. इथलं इथं." तिने ते पान झाडाच्या बुंध्याशी ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा तिने पान उचलले आणि फळीवर मोजून दिले नाही.

त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना माझे उत्तर एवढेच. पोरांची फी भरलीच पाहिजे, ती आम्ही दरवर्षी भरतो आणि यंदाही भरली. पण आपल्या आयाबायांनी जन्मभर पाने तोडायची, पुडे बांधायचे, दुसऱ्यांची अंगणे झाडायची आणि डोळे भरून पाहायचा हक्क मात्र दुसऱ्यांनी भोगायचा, ही वाटणी कोणी केली? समता फक्त पाणवठ्यावर आणि कचेरीतच हवी काय? बाकावर निवांत बसून धबधबा पाहण्यातही ती हवी.

त्यासाठी जपानच गाठले पाहिजे असे मुळीच नाही. आमचा योग भाच्यामुळे आला. मार्चमध्ये एखाद्या रविवारी आईला, सासूला, शेजारच्या विडीवाल्या मावशीला घेऊन जवळच्या जंगलाकडे जा. पळस फुललेला असेल, कुसुमाला लाल पालवी फुटत असेल. भाकरीचा डबा न्या, दोन तास बसा. त्यांना काम सांगू नका. त्या काय बोलतात ते ऐका.

आमची आई आता रोज सकाळी दारापुढच्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसते. परवा मी कचेरीला निघालो तर म्हणाली, "दोन दिवसांत पालवी येते पाह्य."

जय भीम! नमो बुद्धाय!